पोस्टरमधले चार हात

फोटो मोठा झाला, एवढंच झालं. कुणी पडलं नाही, कुणी ओरडलं नाही, लाइटसुद्धा गेली नाही. गोकुळ शिरगावच्या हबमध्ये कुरिअर कंपनीच्या सेवा-सप्ताहाचा समारोप चालला होता. पार्सलांच्या पिंजरागाड्या भिंतीकडे ढकलून मधे खुर्च्या मांडल्या होत्या. एरवी कधी न थांबणारा सॉर्टिंगचा पट्टा तेवढ्यापुरता थांबवला होता, आणि त्याचा आवाज येत नाही म्हणून सगळ्यांनाच जरा चुकल्या-चुकल्यासारखं वाटत होतं. स्टेजवर सयाजी साळोखे उभा होता. डोक्याला फेटा, खांद्यावर शाल, हातात नारळ. पंचवीस वर्षांच्या नोकरीचा सत्कार. लग्नाचं वय उलटून गेल्यावर माणसाला पुन्हा नवरदेव व्हायची संधी अशा सत्कारातच मिळते, तेव्हा स्वारी खुशीत होती. मागच्या मोठ्या पडद्यावर जुन्या कर्मचाऱ्यांच्या आठवणींचे फोटो येत-जात होते. एचआरच्या अंतरा मॅडम माइकवरून म्हणाल्या, "आता जो फोटो येतोय तो आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा आहे. पण आजवर आपण तो अर्धाच पाहिलाय. अख्खा फोटो हेड ऑफिसला परवा सापडला." सयाजीनं मान वळवून मागं बघितलं. आधी आले ते चार हात. दोन त्याचे, दोन घेणाऱ्या बाईचे, मधे कंपनीच्या निळ्या पिशवीतलं किट. मग फोटो वर सरकत गेला आणि हातांना माणसं फुटली. एक सयाजी, मान खाली घातलेला. आणि दुसरी, त्याच्याकडे टक लावून बघणारी, त्याची सख्खी थोरली बहीण आक्का.

पहिल्यांदा त्याला वाटलं, ही बाई आक्कासारखी दिसते. जगात एका चेहऱ्याची सात माणसं असतात म्हणतात, त्यातली एखादी असेल. मग त्यानं भुवईवरची खोच बघितली. लहानपणी रंकाळ्याच्या पायऱ्यांवर पडून पडलेली, तिथं केस कधी उगवलेच नाहीत. हातच्या काकणाला आरसा कशाला? ती आक्काच होती. डोक्यावर पदर होता, पण तोंड उघडं होतं. तिनं तोंड लपवलंसुद्धा नव्हतं. सयाजीच्या कपाळावर फेटा आवळला, जणू मागून कुणीतरी ओढला. कानात पट्टा सुरू झाल्यासारखी घरघर सुरू झाली, पण पट्टा तर बंद होता. समोर माणसं टाळ्या वाजवत होती, त्यांचे हात हलताना दिसत होते आणि आवाज येत नव्हता. आपण कुठं उभे आहोत ते त्याला क्षणभर कळेना. आपल्या हातात नारळ का आहे, तेही कळेना.

तो फोटो म्हणजे हबची शान होती. महापुराच्या वर्षी कंपनीच्या माणसांनी सुट्टीचे दिवस घालवून पूरग्रस्तांना किट वाटली होती, त्यातला. कंपनीनं त्यातले फक्त हात कापून घेतले, खाली लिहिलं 'पोहोचवतो ते फक्त पार्सल नाही', आणि ते पोस्टर पुण्या-मुंबईपर्यंत सगळ्या हबमध्ये लागलं. गेली सहा वर्षं ते इथं पंचिंग मशीनच्या वर होतं. सयाजी रोज सकाळी त्याच्याखाली अंगठा टेकवायचा. नव्या पोरांना सांगायचा, "ह्यो हात कुणाचा वळखा बघू. ह्या हबातल्याच माणसाचा हाय." पोरं अंदाज करायची, मग तो मनगटावरचा भाजल्याचा डाग पुढं करायचा, की पोरं "आयला!" म्हणायची. त्याला फार बरं वाटायचं. आयुष्यात एवढी पार्सलं पोचवली, पण त्याचं काही कुठं उरलं असेल तर ते त्या पोस्टरात, असं तो समजत होता. दुसरे दोन हात कुणाचे, हे कधी कुणी विचारलं नाही. त्यानंही स्वतःला विचारलं नाही. पूरग्रस्त बाईचे हात, बास. रोज सकाळी आपण आपल्या बहिणीच्या हातांखाली उभं राहून हजेरी लावत होतो, हे आत्ता स्टेजवर त्याच्या मनात आलं.

आणि हात ओळखण्यात तर साळोखेचा हात कुणी धरत नव्हतं. हे त्याला शिकवलं त्र्यंबक काकांनी. मोठी कंपनी यायच्या आधी लक्ष्मीपुरीत त्र्यंबक काकांचं एका गाळ्याचं कुरिअर होतं. सयाजी तिथं सायकलवर लागला, पुढं ते कुरिअर माणसांसकट कंपनीनं घेतलं. काका कडक माणूस. पहिल्या दिवशी त्याला समोर बसवून म्हणाले होते, "सयाजी, दार उघडलं की माणसाच्या तोंडाकडे बघायचं नाही. घरात तर मुळीच डोकवायचं नाही. कुणी रडून उठलेलं असतं, कुणी भांडून, कुणी अंघोळीतून. आपण पाकीट द्यायचं, सही घ्यायची, मागं फिरायचं. त्यांना आपण दिसू, आपल्याला ते दिसता कामा नयेत. ती त्यांच्या दाराची अब्रू आहे आणि ती आपण राखायची." सयाजीनं ते गुरुमंत्रासारखं घेतलं. वर्षानुवर्षं त्यानं कोल्हापूरची दारं वाजवली आणि नजर हातांवर ठेवली. शिवाजी पेठेत कणकेचे हात, राजारामपुरीत मेंदीचे, ट्यूशनला बसलेल्या पोरांचे शाईचे, तालमीतल्या मातीचे. सही करताना थरथरणारा हात बघून तो म्हाताऱ्यांना पॅड नीट धरून द्यायचा. नेमणुकीचं पत्र घेताना घाम सुटलेले हात त्यानं बघितले, कोर्टाची नोटीस घेताना गार पडलेले बघितले. पुढं कागदं संपली आणि खोकी आली, सही गेली आणि ओटीपी आला, पण नजर तिथंच राहिली. बाईमाणूस दिसली की "घ्या मावशी," पुरुष दिसला की "घ्या काका," आणि मागं फिरायचं. रस्त्यात कुणी नमस्कार केला तर तो तोंडाकडे बघून गोंधळायचा आणि हाताकडे बघून ओळखायचा. लोक हसायचे. त्याला वाटायचं, ही आपली कला आहे. आता पडद्यावर त्या कलेचा पंचनामा चालला होता.

कारण तिचे हात तिथं होतेच की. त्यानं पडद्याकडे पुन्हा बघितलं. पाण्यानं फुगलेली बोटं, नखांत काळा गाळ, मनगटात काकण नाही, एक मळका दोरा तेवढा. आक्काच्या हातात कधी काकण नाही असं झालं नव्हतं. कबनूरच्या लूमवाल्याची बायको होती ती. दाजींचे स्वतःचे कापडाचे लूम होते, शेडवर त्यांच्या वडिलांच्या नावाची पाटी होती. दिवाळीला आक्का आली की बांगड्यांचा आवाज आधी जिन्यात यायचा आणि मग ती यायची. काकणं काढली तेवढ्यानं बहिणीचे हात अनोळखी झाले? ज्या हातांनी त्याला न्हाऊ घातलं, आई गेल्यावर भाकरी चुरून खायला घातली, कान धरून शाळेत नेऊन सोडलं? काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात तो असा. हा तर कळसा हातात देऊन आला होता आणि वर 'मावशी' म्हणाला होता.

म्हणाला असणारच. त्या दिवसाचं त्याला सगळं आठवत होतं, एक ती सोडून. इचलकरंजीचा पूल पाणी उतरल्यावर सुरू झाला आणि दुसऱ्याच दिवशी ते तिथं गेले. नदीवेशीकडची घरं अजून चिखलात होती, माणसं शाळेत राहत होती. शाळेच्या व्हरांड्यात ओल्या गोधड्यांचा आणि फिनेलचा वास होता. ट्रकचं फाळकं पाडून सयाजी त्याच्यापाशी उभा राहिला. मागून पोरं किट पुढं सरकवत होती आणि तो वाटत होता. बायकांची रांग. घ्या मावशी. घ्या मावशी. घ्या आज्जी. कंपनीचा फोटोवाला मधेमधे खटाखट करत होता. सयाजीच्या मनात तेव्हा काय होतं, तर अभिमान. आणि त्या अभिमानाच्या खाली एक सुटकेचा श्वास. कारण सकाळीच त्यानं आक्काला फोन लावला होता. "आक्का, पाणी आलंय का गं तुमच्याकडं?" आणि आक्का म्हणाली होती, "कबनूरला कुठलं पाणी रं? आमी वर हाय. तू तुजं बघ." कबनूर वर आहे, ते खरंच होतं. आक्का कबनूरला होती का, हे त्याला कुठं माहीत होतं? आता दोन अधिक दोन त्याच्या डोक्यात आपोआप होत गेले. पुरानंतरच्या दिवाळीत दाजी सहज बोलल्यासारखं म्हणाले होते की लूम पुराच्या आधीच काढले, भंगारात घातले, आता दुसऱ्याच्या शेडवर जातो. मधले काही महिने कुठं राहिले ते कुणी बोललं नाही, त्यानं विचारलं नाही. जिल्ह्यातल्या निम्म्या दारांचे पत्ते ज्याच्या तोंडावर, त्याला बहिणीचा पत्ता ठाऊक नव्हता. ती नदीकाठाला भाड्याच्या खोलीत होती, आणि फोन उचलला तेव्हा बहुतेक त्याच शाळेच्या व्हरांड्यात उभी होती.

"सयाजीराव," अंतरा मॅडम हसून म्हणाल्या आणि त्यांनी माइक त्याच्या तोंडाशी धरला, "हा क्षण आठवतो का? त्या ताईंच्या डोळ्यांत तुम्हाला काय दिसलं होतं?" चांगल्या मनाची पोरगी होती. तिला वाटत होतं, एक छान आठवण येईल, व्हिडिओत घालता येईल. सयाजीनं तोंड उघडलं. काय दिसलं होतं? काही दिसलं नव्हतं. बघितलंच नव्हतं. पण आत्ता दिसत होतं, भिंतीएवढं. त्या डोळ्यांत राग नव्हता, आणि लाज असावी तर तीही नव्हती. ती बघत होती. बघत होती आणि वाट बघत होती. हा आता मान वर करील, आता करील, अशी. का, देवा याला मान वर करू देऊ नको, अशी? दोन्हीतलं कुठलं, ते त्याला काही केल्या ठरवता येईना. हातातला नारळ निसटून स्टेजच्या फळीवर पडला आणि गडगडत खाली गेला. पुढच्या रांगेतल्या कुणीतरी तो उचलून दिला. "भावनिक झालेत," अंतरा मॅडम माइकवर म्हणाल्या आणि सगळं हब उभं राहून टाळ्या वाजवू लागलं. अशा टाळ्या त्याला उभ्या आयुष्यात मिळाल्या नव्हत्या. पाया पडावं आणि म्हणावं, थांबवा, असं त्याला वाटलं. पण माणसं थांबत नव्हती, आणि मागं आक्का तशीच बघत होती.

जेवणावळीत तो बसला नाही. तांबडा-पांढरा रश्श्याचा वास सुटला होता, पोरं "सत्कारमूर्ती, चला की" म्हणून ओढत होती. पोटात मळमळतंय म्हणून तो निसटला. फेटा काढून डिकीत कोंबला, शाल तशीच खांद्यावर राहिली आणि मोटरसायकल घराकडे न वळता हुपरीच्या रस्त्याला लागली. कुठं चाललोय हे त्यानं ठरवलं नव्हतं. ऊस तोडायला आला होता, दोन्ही बाजूला उभा. ट्रॅक्टरच्या मागं मागं तो कितीतरी वेळ गेला, ओव्हरटेक करायचं सुचलं नाही. डोक्यात एकच गोष्ट राहून राहून आपटत होती, आणि ती पुराची नव्हती. त्याहून वाईट होती. त्याच वर्षीच्या भाऊबीजेची. आक्का ओवाळायला आली होती, ताटातली सुपारी फिरवून झाली, आणि सयाजीनं मोठ्या कौतुकानं मोबाइल काढून तिला पोस्टरचा फोटो दाखवला होता. "बघ आक्का, वळखलास का हात? माजा हाय! सगळ्या म्हाराष्ट्रात लागलाय." आक्कानं मोबाइल हातात घेतला. लांब धरला, जवळ धरला. नवीन काकणं होती हातात, साधी काचेची. बराच वेळ बघितला आणि परत दिला. म्हणाली, "झ्याक आलाय की." मग उठली आणि स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेली. त्यानं तिला तिचेच हात दाखवले होते. तिच्याच भावाच्या मोबाइलवर, ओवाळून झाल्या-झाल्या. नंतर त्यानं तेच दाजींनाही दाखवलं. दाजी हसले होते. ते हसणं तेव्हा त्याला कौतुकाचं वाटलं होतं.

दिवसाढवळ्या, रस्त्यावर ट्रॅक्टरचा धूर खात, सयाजीला रडू फुटलं. त्यानं गाडी कडेला घेतली. रडू येईल असं वाटलं तेवढं आलं नाही, नुसता हुंदका आल्यासारखं होऊन राहिलं. शरम होतीच, पण तिच्याहून मोठी होती ती दुसरी गोष्ट, ती नुसती आश्चर्याची होती. एवढं मोठं आपल्या हातून होतं आणि कळत नाही? पाय घसरला तर कळतं, बोट चिरलं तर कळतं. हे घडलं तेव्हा तो आनंदात होता. ट्रकमधून परत येताना पोरांबरोबर गाणी म्हणत होता. घरी येऊन स्वप्नालीला, बायकोला, सांगत होता की आज पुण्य लागलं. आणि तिकडे आक्का ती पिशवी घेऊन शाळेच्या वर्गात गेली असेल, बाकावर बसली असेल, पिशवीतली डाळ-तांदळाची पुडकी, मेणबत्त्या आणि साबण बाहेर काढून ठेवले असतील. भावानं दिलेली ती माहेरची ओटी. आक्का आजही येते, ओवाळते, गडहिंग्लजच्या पावण्यांच्या भानगडी सांगून हसवते. एकदाही बोलली नाही. का बोलली नाही? मनातून आपल्याला काढून टाकलंय का, आणि नुसतं रीत म्हणून येते? गाडी पुन्हा सुरू करताना त्याला कळलं की तो कुठं चाललाय. त्याला एवढंच विचारायचं होतं. त्याच्यापुढं पंचवीस वर्षांचा सत्कार गेला खड्ड्यात.

कबनूरला पोचला तेव्हा ऊन कलतं झालं होतं. गल्लीगल्लीतून लूमची खडखड चालू होती. तिथली माणसं त्या आवाजातच मोठ्यानं बोलायला शिकतात आणि मग कुठंही गेली तरी मोठ्यानंच बोलतात. आक्काच्या भाड्याच्या दोन खोल्यांचं दार उघडंच होतं. बाहेरच्या खोलीत ती लूमसाठी सुताच्या कांड्या भरायच्या मशीनवर बसली होती. दाजी बनियनवर भिंतीला टेकून चहा पीत होते. रात्रपाळीला जायचे होते. सयाजी उंबऱ्यात उभा राहिला. आणि पंचवीस वर्षांची खोड अशी की नजर आधी हातांवरच गेली. सुताच्या धाग्यावरून सराईत फिरणारी बोटं, काचेची काकणं कोपराकडे सारलेली. आता ओळखू येत होते. आता न ओळखायला काय झालं होतं?

"अगोबाई, ह्यो कुठनं उगवला?" आक्का ओरडली आणि तिनं मशीन बंद केलं. "शाल घिऊन? कुणी लगीन लावलं का काय तुजं दुसरं?"

"सत्कार हुता. कंपनीत."

"मग त्वांड असं का पाडलंयस? मयताला गेल्यावानी." ती उठली. "बस. च्या टाकते."

"आक्का, थांब." तो उभाच राहिला. बोलायचं कसं, हे त्यानं वाटेत ठरवलं नव्हतं. "आज त्यो फोटो दाखवला. पोस्टरचा. सगळा. वरपातूर."

आक्का थांबली. दाजींनी कप खाली ठेवला. सयाजीला वाटलं, आता हे घर आपल्या अंगावर येणार. दाजी काहीतरी बोलतील, जे सहा वर्षं राखून ठेवलंय ते. पण आक्काच्या चेहऱ्यावर हळूच हसू आलं, ओशाळल्यासारखं, लहानपणी गूळ चोरताना सापडायची तसलं.

"म्हंजे आता बोलायला हरकत न्हाई," ती म्हणाली. "एवढी वर्सं तूबी गप, मीबी गप. मला वाटायचं, आपण कशाला विषय काढायचा? त्यानं एवढं राखलंय, तर आपण कशाला उघडं करायचं?"

"काय राखलंय?"

"आता ऱ्हाऊ दे की. मला कळलं न्हवतं व्हय?" ती खाली बसली, पदरानं हात पुसत. "मी रांगंत हुभी. माज्या फुडं चार बायका ऱ्हायल्या तवा मला तू दिसलास ट्रकपाशी. निळं टी-शर्ट घालून. पळून जावं तर मागं रांग. सकाळी तुला फोनवर सांगितल्तं आमी कबनूरात हाय म्हणून. आता ह्यो बघणार, चार माणसांत आक्का म्हणून हाक मारणार, आणि समद्या शाळेला कळणार की हिचा भाऊ किट वाटतोय आणि ही हिकडं हात पसरून हुभी हाय. मी देवाचं नाव घेतलं. आणि तू… तू मान वर केली न्हाईस. आवाज बदलून म्हणालास, 'घ्या मावशी, व्हा फुडं.' मावशी! मी वर्गात जाऊन रडले. एवढं कळतं माज्या सयाजीला, म्हणून रडले. आई असती तर तिला सांगितलं असतं की बघ, कसा वाढवलाय मी."

सयाजीला काही ऐकू येईनासं झालं. म्हणजे ऐकू सगळं येत होतं, पण ते कुणाबद्दल चाललंय ते कळत नव्हतं. असा कुणीतरी एक भाऊ होता. बहिणीला एका नजरेत ओळखलेला, मान खाली घालून तिची अब्रू राखलेला, आवाज बदललेला. आणि सहा वर्षं आक्का त्या भावाला ओवाळत होती. तिनं मोबाइलवर फोटो बघितला तेव्हा तिला वाटलं असेल, हा मला डोळ्यानं खूण करतोय. झ्याक आलाय की, म्हणाली ती त्याला होती. या सयाजीला नव्हे. स्टेजवर बसला त्याच्याहून मोठा धक्का त्याला इथं बसला. तिथं निदान मनातून कोसळला होता, इथं नुसताच अधांतरी राहिला. तिनं शिव्या घातल्या असत्या तर त्या अंगावर घेता आल्या असत्या. हे प्रेम अंगावर घ्यायला त्याला अंगच नव्हतं.

दाजी खोकले. दाजी आधीपासूनच तिरपे. सयाजी कुरिअरला लागला तेव्हा 'पाकिटं वाटतोय मेव्हणा' म्हणून हसणारे. लूम गेल्यावर हसणं कमी झालं होतं, तिरपेपणा होता तसाच होता. "पावणं," ते म्हणाले, "आता तुमी आलाईसाच तर निकाल लावून जावा. आमच्यात ह्यावरनं दर दिवाळीला भांडण हुतंय. मी म्हणतोय, त्यानं तुला वळखलंच न्हाई. शंभर बायका हुत्या, त्यातली तू एक. ही माज्या अंगावर येती. म्हणती, माजा भाऊ काय आंधळा हाय? खरं सांगा. वळखलंतासा का न्हाई?"

आक्का त्याच्याकडे बघत होती. आणि सयाजीला ते डोळे दिसले, पडद्यावरचेच, तसेच टक लावलेले. आता करील, आता करील. खरं बोलावं तर एका शब्दाचं काम होतं. दाजी मांडीवर थाप मारून हसतील. आक्काही हसेल, तोंडदेखलं, मशीनकडे वळेल, आणि त्या शाळेत ती पुन्हा एकदा, आणि आता कायमची, एकटी उभी राहील. शंभर बायकांतली एक. तिच्याकडे त्या सगळ्या वर्षातलं काय उरलं होतं? लूम भंगारात गेले, काकणं गेली, शेडवरची पाटी गेली. एक हा भाऊ तेवढा उरला होता, तिनं स्वतःच घडवलेला. त्र्यंबक काका आठवले त्याला. दाराची अब्रू. पण काकांनी हे नव्हतं सांगितलं की नजर खाली ठेवता ठेवता एक दिवस तुझंच दार तुझ्यासमोर येईल, मग काय करायचं.

"वळखलंतं की," सयाजी म्हणाला. आवाज त्याचा त्याला परका वाटला. "रांगंत हुतीस तवाच वळखलंतं."

"बगा!" आक्का किंचाळलीच. "बगा, मी काय म्हणत हुते! घ्या आता. सा वर्सं माजं डोस्कं खाल्लंसा." ती उठली, हसत होती, डोळे पुसत होती, नाक ओढत होती, आणि तशीच आत चहा टाकायला गेली. दाजींनी सयाजीकडे एकदा नीट बघितलं. मग भिंतीवरचा सदरा काढून अंगात घालत म्हणाले, "असंल. असंल बाबा." आणि पायताण घालून कामावर निघून गेले.

चहा कसा प्याला ते सयाजीला कळलं नाही. आक्का बोलत राहिली, सगळं मोकळं झाल्यासारखी. शाळेतले दिवस, चिखल, गल्लीतली कुठली बाई दोनदा रांगेत कशी उभी राहिली. तो हुंकार देत होता. त्याला आता त्या दुसऱ्या सयाजीच्या जागी बसून राहायचं होतं, आज आणि दर भाऊबीजेला. उद्या सकाळी पंचिंग मशीनखाली अंगठा टेकवताना वर ते हात असणारच होते. निघताना आक्का डबा घेऊन दारापर्यंत आली. आंबोळ्या आणि चटणी, डबा गरम म्हणून फडक्यात बांधलेला. तिनं डबा पुढं केला. सयाजीनं दोन्ही हात पुढं केले, आणि सवयीनं, अगदी सवयीनं, मान खाली गेली. गल्लीत लूम खडखडत होते. आक्कानं डबा सोडला नाही. दोन हात तिचे, दोन त्याचे, मधे डबा, असे ते क्षणभर उंबऱ्यावर उभे राहिले.

"सयाजी," ती हळू म्हणाली. एवढ्या हळू बोलताना त्यानं तिला कधी ऐकलं नव्हतं. "आता हितं रांग न्हाई, चार माणसं न्हाईत. ह्येबी गेलं कामावर. आता तरी वर बघ की."

त्यानं मान वर केली. ती किती म्हातारी झाली होती, ते त्याला आज दिसलं.